चोवीस रंगांच्या बाई

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात शिरल्यावर माणूस आधी रंग बघतो. भांडारबाईंनी आधी चपला बघितल्या. कागदांच्या फळीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईच्या चपला. साध्या, पण टाचा झिजलेल्या नाहीत; म्हणजे पाय घासत चालणारी नाही. जमेला एक.

एका मोठ्या इस्पितळाच्या भांडारात कापसापासून कात्रीपर्यंत सगळं मोजून घेण्यात आणि मोजून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिथलं नाव निवृत्तीनंतरही सुटलं नाही, आणि तिथली खोडही. माणूस दिसला की त्यांच्या मनात आपोआप दोन रकाने आखले जात, जमा आणि नावे. शेजारी, भाचेसुना, दूधवाला, कोणी सुटलेलं नव्हतं. नवरा हयात असताना म्हणायचा, "माझी बाकी काय निघते ते एकदा सांगून टाक, म्हणजे मी निवांत मरतो." तो गेला, पण बाकी काही कळली नाही त्याला.

ती पाठमोरी बाई त्यांची होणारी विहीण होती. भांडारबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. तिला नव्हतं. सगळा खेळ त्यावरच चालला होता.

खेळ म्हणायला सोपं. हा जुगार होता, आणि डावावर एकुलता एक मुलगा लागला होता. त्याचं मागच्या वेळी एका मुलीशी जमत आलं होतं, तेव्हा भांडारबाई तिच्या ऑफिसात जाऊन आल्या. आधी दारावरच्या पहारेकऱ्याशी बोलल्या, मग चहावाल्या बाईशी, आणि तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून सरळ मुलीच्या वरिष्ठाशी. मुलीला संध्याकाळपर्यंत कळलं आणि रात्रीच्या जेवणाआधी नकार आला. नकारात मुलाचं नाव नव्हतं, आईचं होतं. तेव्हा मुलगा त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसला. मऊ बोलणारा मुलगा.

"आई, पुढच्या वेळी माझं मी ठरवीन. आणि तू परत कुठे चौकशी करत फिरलीस ना, तर लग्न व्हायचं तेव्हा होईल, पण मी घर वेगळं करीन. तुला कळवीनसुद्धा नाही कुठे ते. हे मी रागानं बोलत नाहीये."

शेवटचं वाक्य भांडारबाईंच्या काळजात रुतलं. रागानं बोललेलं उतरतं. हे उतरणारं नव्हतं.

आता मुलानं स्वतः ठरवलं होतं. मुलगी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेलेली. ती परतली की एका रविवारी दोन्ही घरं एकमेकांना भेटणार. भांडारबाई शहाण्यासारख्या गप्प होत्या. पण जेवताना मुलगा सहज बोलून गेला, "तिची आई हल्ली दर बुधवारी जलरंग शिकायला जाते. त्या टायरच्या दुकानावर वर्ग आहे ना, तिथे." त्याच्या फोनवर मुलीचा फोटो होता आणि फोटोत मागे, खिडकीपाशी, आई. झालं. भांडारबाईंनी स्वतःला समजावलं की ही चौकशी नव्हेच. कोणाला काही विचारायचंच नाही. नुसतं शेजारी बसायचं. वर्गात त्यांनी माहेरचं आडनाव लिहवलं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी ब्रशलाही हात लावू दिला नव्हता. काय आणायचं तेवढं सांगून सगळ्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं होतं.

"कोणता घेताय?" भांडारबाईंनी कागदाच्या फळीपाशी जाऊन विचारलं.

"हा. सुती." मुलीच्या आईनं कागद उजेडाकडे धरला, बोटांनी त्याचा खरखरीतपणा चाचपला. "मास्तर म्हणाले ना, बाकी कशावरही हात आखडा, कागदावर नको."

"आणि रंग?"

"तीनच. पिवळा, लाल, निळा. बाकीचे त्यातूनच होतात म्हणे. नाही झाले तर नाही झाले."

भांडारबाईंचा हिशेब नेमका उलटा होता. जे वाया जायचं ते स्वस्तातलं, जे टिकायचं ते भरपूर. त्यांच्या पिशवीत शाळेतल्या पोरांचा पातळ कागद होता आणि चोवीस ट्यूबांची पेटी, झाकणावर फुलपाखरू.

मग मुलीच्या आईनं दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागितलं. तो आठ्या घालत घेऊन आला. तिनं एक ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, टोक बघितलं आणि बाजूला ठेवला. दुसरा बुडवला. तिसरा. एकाच मापाचे सगळे ब्रश भिजवून झाल्यावर तिनं त्यातला एकच घेतला. दुकानदाराचा चेहरा ओल्या ब्रशांसारखाच झाला होता. तिनं माफी मागितली नाही आणि उगीच हसूनही दाखवलं नाही. भांडारबाईंना पहिल्यांदाच कळेना, हे कुठल्या रकान्यात टाकायचं.

"मी दात करते," मुलीची आई म्हणाली. "कवळ्या, टोप्या. दिवसभर हातात ब्रशच असतो. टोक जमलं नाही तर दात भोंगळ होतो." आणि मग तिनं भांडारबाईंच्या तोंडाकडे नीट बघितलं. "वरचा, डावीकडचा. तो तुमचा नाही ना?"

भांडारबाईंनी तोंड मिटलं.

"छान केलाय कोणी. रंग जरासा चुकलाय, एवढंच. दुसऱ्या कोणाला नाही कळायचं."

घरच्यांनासुद्धा न कळलेला दात हिनं चार वाक्यांत बाहेर काढला. हिच्या समोर बुधवारमागून बुधवार खोटं बसायचं होतं.

"तुमच्या घरी कोण कोण?" मुलीच्या आईनं बाहेर पडताना विचारलं. साधा प्रश्न. दोन बायका रस्त्यानं चालताना विचारतात तो.

"मी एकटीच," भांडारबाई म्हणाल्या. आणि पुढचं तोंडातून निसटून गेलं. "मला मूलबाळ नाही."

म्हणताक्षणी त्यांचा पाय अडखळला. एवढा जपलेला मुलगा त्यांनी भर रस्त्यात एका वाक्यात वजा करून टाकला होता.

पुढच्या बुधवारी मास्तरांनी भांडारबाईंचा कागद पाण्याचा हात फिरताच फुगून वर आलेला पाहिला आणि तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "हा कागद नाही, हा पापुद्रा आहे. आणि पेटीत चोवीस रंग! अहो, एवढे रंग मी आयुष्यात वापरले नाहीत." मास्तर शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, सामान राहत असे. तेव्हापासून भांडारबाई 'चोवीस' झाल्या आणि मुलीची आई 'तीन'. नवं नाव मिळाल्याचा भांडारबाईंना आनंदच झाला. खरं नाव जितकं मागे पडेल तितकं बरं.

त्या दिवशी मास्तरांनी वॉश शिकवला. बोर्ड जरा तिरका ठेवायचा. ब्रश रंगाच्या पाण्यानं भरून कागदाच्या माथ्याशी एक आडवा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची ओळ साचते. पुढचा पट्टा त्या ओळीला जेमतेम शिवेल असा. मग ओळ खाली उतरते. असं करत करत तळापर्यंत.

"मध्ये थांबलात की संपलं," मास्तर म्हणाले. "जिथे थांबाल तिथे ओळ वाळणार, आणि वाळली की तिथे कायमची रेघ. पुसून जात नाही, झाकून जात नाही. वॉश सुरू केला की घराला आग लागली तरी उठायचं नाही. आधी तळाला पोचायचं, मग बंब बोलवायचा."

सगळे हसले. मुलीची आई हसली नाही. ती वॉश लावत होती. तिचा पट्टा खाली उतरताना भांडारबाई बघत राहिल्या. श्वाससुद्धा एका चालीनं चालला होता तिचा. त्यांच्या मनातल्या जमेच्या रकान्यात आता जागा उरली नव्हती, आणि ते त्यांना अजिबात सोसत नव्हतं. चांगल्या मालात खोट निघाल्याशिवाय भांडारबाईंना झोप कशी लागणार?

तिसऱ्या बुधवारी खोट मिळाली. मागायला गेल्या नव्हत्या. आपणहून ओंजळीत पडली.

दोघी नळावर पॅलेट धूत होत्या. मुलीच्या आईनं येताना स्वतःच्या सुती कागदाचा एक मोठा ताव भांडारबाईंसाठी आणला होता. "घ्या. तुमचा तो पापुद्रा बघवत नाही मला." भांडारबाई नको नको म्हणत होत्या, आणि त्या नको-नकोच्या मध्येच ती म्हणाली, "पुढच्या रविवारी माझ्या मुलीला बघायला... म्हणजे बघायला नाही, त्यांचं ठरलंय. मुलाकडचे येणार आहेत. मुलगा नि त्याची आई. मला दोन रात्री झोप नाही."

"का बरं?" एवढंच विचारलं भांडारबाईंनी. आवाज काबूत ठेवायला पॅलेट जोरात घासावी लागली.

"तिचं एकदा ठरून मोडलंय. मोडलंय म्हणजे काय, लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी ती नवे कपडे घालून तयार झाली आणि खोलीचं दार लावून बसली. बाहेर आलीच नाही. तिकडे सगळी माणसं खोळंबलेली. शेवटी मी जाऊन सांगितलं त्यांना. काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. का आली नाही, ते ती आजपर्यंत बोललेली नाही."

"आणि ह्या मुलाला ते...?"

"सांगितलंय की नाही, कोण जाणे. मी विचारत नाही. तुम्हाला सांगते कारण तुम्हाला मूलबाळ नाही. पोरंबाळं असलेल्या बायका लगेच आपल्या घराशी ताडून बघतात."

नळाचं पाणी निळं, मग हिरवं, मग मातकट होऊन वाहत होतं. भांडारबाईंनी मान खाली घातली ती वर केली नाही.

"आणि मुलाची आई म्हणे फार चौकस आहे," मुलीची आई पुढे म्हणाली. "आधीच्या मुलीच्या ऑफिसात गेली होती. ऑफिसात! मी काही बोलणार नाही. फक्त एकदा बघणार तिला. मला बघितलं की कळतं. मनाला पटली नाही तर मुलीला सरळ सांगणार, बाई गं, थांब. तेवढं माझं ऐकते ती."

तो आठवडा भांडारबाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. आयुष्यात इतकी मोलाची बातमी हाती लागली नव्हती, आणि ती खर्च करायला कुठे जागा नव्हती. मुलाला सांगावं, की बाबा रे, ही मुलगी ऐन वेळी दार लावून घेणारी आहे, तर तो पहिला प्रश्न विचारणार, तुला कोणी सांगितलं? न सांगावं, आणि उद्या माझ्या मुलाला असंच ताटकळत ठेवलं तर? रविवारी आजारी पडावं? पडता येईल. पण लग्नात? बारशात? माणूस जन्मभर आजारी पडून राहू शकत नाही. रविवारी दार उघडणार, आणि दारात चोवीस उभी असणार. दात ओळखणारी बाई ती. चेहरा ओळखायला तिला कितीसा वेळ.

एका संध्याकाळी मुलगा समोर बसून चहा पीत होता. पिता पिता थांबला.

"आई, नखात निळं काय गेलंय तुझ्या?"

"शाई."

"शाई? तू हल्ली कुठे लिहितेस?"

"पेन गळलं. आता पेन गळायचीपण चोरी झाली का या घरात?"

तो हसला, पण नजर नखावरून हलवायला त्याला जरा वेळ लागला. "रविवारी येशील ना नीट?"

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट, आई." आणि कप उचलून आत गेला. तो कप विसळत असल्याचा आवाज भांडारबाई ऐकत राहिल्या. वेगळं घर केल्यावर हाच आवाज दुसऱ्या कुठल्या तरी मोरीतून येणार होता, त्यांना पत्ता नसलेल्या.

त्या रात्री त्यांनी ठरवलं. रविवारच्या आधी मुलीच्या आईला स्वतः सांगायचं, आणि ते बुधवारीच, कारण दुसरी संधी नव्हती. पण सांगायचं कसं? ती ऐकणार, अर्ध्यात उठणार, आणि घरी जाऊन मुलीला फोन लावणार. कारण सांगायला, पदर पसरायला, दोन गोष्टी समजावून द्यायला तिनं समोर बसून तर राहायला हवं. आणि भांडारबाईंच्या डोक्यात, सुटका करून घेण्याची कला अंगात मुरलेल्या त्या डोक्यात, तिरका बोर्ड आला. पट्ट्याच्या खाली साचलेली पाण्याची ओळ आली. वॉश चालू असताना ती उठणार नाही. तिच्या घराला आग लागली तरी.

बुधवारी मास्तरांनी जोड्या लावल्या. एकानं बसायचं, दुसऱ्यानं चेहरा करायचा. "चोवीस, तुम्ही तीनच्या समोर. आधी तीन रंगवतील." भांडारबाईंना जोडी आयती मिळाली. त्या खिडकीपाशी स्टुलावर बसल्या. खालून टायर ठोकल्याचे आवाज येत होते.

मुलीच्या आईनं पेन्सिलीनं चेहऱ्याची कड काढली, डोळ्यांच्या जागा नेमल्या. पिवळा, लाल आणि नखभर निळा असं बशीत कालवून त्वचेचा पातळ रंग केला. बोर्ड पुस्तकाच्या टेकूवर तिरका केला. ब्रश भरला, आणि कपाळाच्या केसांपासून पहिला पट्टा ओढला.

भांडारबाईंनी दुसरा पट्टा पडू दिला. तिसरा पडू दिला. भुवयांपाशी ओळ आली तेव्हा म्हणाल्या, "मी तुम्हाला एक खोटं सांगितलंय."

"हं," ब्रश थांबला नाही. "मान हलवू नका."

"मला मुलगा आहे."

पुढचा पट्टा डोळ्यांवरून गेला. किंचित वाकडा.

"रविवारी तो तुमच्या घरी यायचाय. माझ्याबरोबर. ती चौकस बाई... ती मीच."

ब्रश नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. मुलीच्या आईनं वर बघितलं नाही. अजून एक पट्टा ओढला, उजवीकडून डावीकडे, गालांवरून, अगदी सावकाश. भांडारबाईंना वाटलं, जमलं. तळाला पोचेपर्यंत ही हलत नाही. त्यांनी तोंड उघडलं, आठवडाभर घोकलेली कारणं जिभेवर आली.

आणि मुलीच्या आईनं ब्रश उचलून पाण्यात ठेवला.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दुकानातल्या."

"नळावर होतो तेव्हाही."

"हो."

"आणि सांगायला आत्ताची वेळ काढलीत. मी वॉश लावायला घेतल्यावर." तिचा आवाज चढला नव्हता. "मी उठू नये म्हणून."

आयुष्यात भांडारबाईंचं गणित कोणी इतक्या झटपट सोडवलं नव्हतं.

मुलीची आई उठली. टेबलावरचा फोन उचलला आणि दार ढकलून बाहेर जिन्यावर गेली. मास्तर लांबून ओरडले, "अहो तीन, वॉश! वॉश वाळतोय तुमचा!" पण तिचा चेहरा बघून तेही दुसऱ्या टेबलाकडे वळले.

भांडारबाई एकट्या, आपल्याच अर्ध्या चेहऱ्यासमोर. ओठांच्या वर रंगाची ओळ थरथरत होती. कडेनं ती सुकू लागली होती. चकाकी जाऊन मंद पडत होती. एक पट्टा, फक्त एक पट्टा ओढला तर चित्र वाचणार होतं. ब्रश पेल्यात होता, बशीत रंग होता. भांडारबाईंनी हात पुढे केला. त्यांना वाटत होतं, एवढं तरी सावरावं. निदान एवढं तरी. ब्रशची दांडी बोटात आली.

"हात लावू नका त्याला."

मुलीची आई दारात उभी होती. हातातला फोन तिनं पुढे केला. "ती आहे फोनवर. मी तिला एवढंच म्हटलंय की तुझ्या सासूला काही सांगायचंय. काय, ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

भांडारबाईंनी ब्रश सोडला आणि फोन कानाला लावला. बाकीचे विद्यार्थी चित्रांत डोकं खुपसून कान टवकारून बसले होते, ते त्यांना दिसत होतं. त्यांनी सांगितलं. दुकान, माहेरचं आडनाव, बुधवार, मूलबाळ नाही म्हणाल्या ते. कारणं एकही सांगितली नाहीत. आठवली नाहीत म्हणा किंवा आठवून लाज वाटली म्हणा.

मग मुलगी म्हणाली, "आईनं तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं?"

मुलीची आई दोन हात अंतरावर उभी होती. तिला प्रश्न ऐकू आला असावा. तिनं खिडकीची चौकट धरली. भांडारबाईंच्या जिभेवर ते सगळं तयार होतं. नवे कपडे, बंद दार, खोळंबलेली माणसं. हीच वेळ होती विचारायची. का गं बसलीस दार लावून? माझ्या मुलालाही असंच करशील? आईच्या काळजाचा प्रश्न आहे, कोणीही समजून घेतलं असतं.

"तिनं जे सांगितलं ते एका परक्या बाईला विश्वासानं सांगितलं," भांडारबाई म्हणाल्या. "ती बाई खोटी निघाली. खोट्या बाईनं ऐकलेलं मी कोणाला सांगणार नाही. तुला नाही आणि त्यालाही नाही."



"त्याला माहीत आहे ते," मुलगी म्हणाली. "नोंदणीच्या दिवसाचंच ना? मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलंय. आणि का ते पण."

जी बातमी भांडारबाई आठवडाभर विस्तवासारखी पदरात घेऊन फिरल्या, ती मुलाच्या खिशात कधीची होती. समोर बसून तो चहा पीत होता, आणि आईला सांगावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. का वाटलं नाही, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"माझं त्याच्याशी ठरलंय, ते ठरलेलंच आहे," मुलगी म्हणाली. "पण तुम्ही तिथे काय करत होतात ते त्याला तुम्ही सांगायचं. आज. मी रात्री त्याच्याशी बोलेन, तेव्हा त्याला माहीत असलं पाहिजे."

मुलाला फोन त्यांनी जिन्यातून लावला. पहिली दोन वाक्यं बोलल्या, आणि पुढचं तो ओळखून मोकळा झाला. त्यानं मध्येच विचारलं, "नखातलं निळं?" त्या हो म्हणाल्या. तो ओरडला असता तर त्यांनी देवाचे आभार मानले असते.

"रविवारी तू येऊ नकोस," तो म्हणाला. "मी एकटा जातो. आणि मी ते घराचं म्हणालो होतो ना, ते मी करणार आहे, आई. पत्ता देईन. तेवढं नक्की. पण यायचं असेल तेव्हा आधी विचारायचं."

"बरं," भांडारबाई म्हणाल्या. पत्ता देईन म्हणाला, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मनात म्हणून घेतलं, आणि डोळे पुसून आत आल्या.

मुलीची आई चित्रासमोर बसली होती. वॉश वाळला होता. नाकाखाली, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत, गडद कडेची एक रेघ. वर त्वचेचा रंग, खाली कोरा कागद. तोंड नसलेल्या भांडारबाई.

"काय म्हणाला?"

"रविवारी येऊ नको म्हणाला. आणि वेगळा राहणार."

"हं." तिनं दिलासा दिला नाही. "बरोबर केलं त्यानं."

"हो."

"मीही तेच केलं असतं."

"माहीत आहे मला," भांडारबाई म्हणाल्या. "जाते मी. पुढच्या बुधवारी नाही येणार, काळजी करू नका."

मुलीच्या आईनं टेप सोलून ते चित्र बोर्डावरून काढलं, बाजूला ठेवलं आणि नवा कागद चिकटवायला घेतला. चारही कडा अंगठ्यानं दाबल्या. भांडारबाई पिशवी खांद्याला लावून उभ्याच होत्या. जावं की थांबावं कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

"रविवारी मी त्या बाईला बघणार होते," मुलीची आई बोर्डाकडेच बघत म्हणाली. "बघून झालं माझं. चांगलं वाटलं असं नाही म्हणत. पण मुलीनं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं. बसा तिथे."

भांडारबाई बसल्या.

तिनं बशीत परत पिवळा घेतला, लाल घेतला. नखभर निळा. पाण्याचा पेला बदलून आणला. ब्रश हातात घेतला, पण भिजवला नाही.

"आता मी सुरू केल्यावर तळाला पोचेपर्यंत थांबणार नाही, आणि तुम्ही एक अक्षर काढायचं नाही. काही राहिलं असेल तर ब्रश पाण्यात जायच्या आधी सांगून टाका."

भांडारबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मास्तर जवळून गेले, थांबले नाहीत.

"तुमच्या घराखालच्या मजल्यावर राहतात त्या बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "वर्ग सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्याशी बोलून आले होते. कुठल्याशा दुकानाचा पत्ता विचारायच्या निमित्तानं."

मुलीच्या आईचा हात पेल्यावर थबकला. "काय म्हणाली ती?"

"तुम्ही जिन्यात दिवा चालू ठेवता म्हणाल्या. आणि कोणाशी फार बोलत नाही."

"अजून?"

"अजून काही नाही."

"नक्की?"

भांडारबाईंनी खरोखरच विचार केला. सगळे कोपरे धुंडाळले. "नक्की."

मुलीच्या आईनं ब्रश पाण्यात बुडवला.